त्या कागदावरची माझी सही

सहा वर्षांपूर्वी मी एका कागदावर सही केली. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत,’ असा त्यावर मजकूर होता. रुग्ण म्हणजे माझी नऊ वर्षांची मुलगी.

त्याआधी महिनाभर तिला सारखी तहान लागत होती, रात्री चार-चारदा लघवीला उठावे लागत होते, आणि अंग डोळ्यांदेखत झडत चालले होते. उन्हाळा बाधला असेल, असे म्हणत आम्ही दिवस काढले. रक्ततपासणीत टाइप-१ मधुमेह निघाला. शरीरात इन्सुलिन तयार होईनासे झाले आहे. ते इंजेक्शनानेच आणि जन्मभर द्यावे लागेल, असे बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले. घरावर अवकळा पसरली. सासूबाई म्हणाल्या, “रोज सुया टोचून घेणाऱ्या पोरीला उद्या पदरात कोण घेईल?” चुलत सासऱ्यांच्या ओळखीचा एक वैदू होता. आधी सुई बंद करायची, मगच औषध, अशी त्याची अट. पाचव्या दिवशी आम्ही मुलीला घरी न्यायचे ठरवले.

कागद पुढे करताना डॉक्टरबाई म्हणाल्या, “ताई, या सहीनं आम्ही मोकळे होऊ, तुम्ही होणार नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर मी चिठ्ठी देते. पण इन्सुलिन बंद केल्याचं कळलं, तर मला बाल कल्याण समितीला कळवावं लागेल.” मला संताप आला. मुलगी माझी, नऊ महिने पोटात वाढवलेली. तिचे काय करायचे हे परक्या बाईने का सांगावे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले. वैदूला फोन केला, तर ‘विकार बाहेर पडतो आहे’ असे उत्तर आले. पहाटे ती खोल, भराभर श्वास घेत होती, आणि त्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. हाक मारली तर ओ देईना. ह्यांनी शेजाऱ्यांची गाडी काढवली आणि आम्ही त्याच रुग्णालयाच्या दारात उभे राहिलो. तीन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. कोणी आम्हाला बोल लावला नाही. तो मीच स्वतःला लावत होते.

ती वाचली. मग माझे मामा भेटायला आले. त्यांनी उभी हयात तालुक्याच्या न्यायालयात वकिली केलेली. ‘मुलगी माझी’ हे माझे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “बाळ, स्वतःसाठी उपचार नाकारायचा हक्क मोठ्या माणसाला आहे. मुलाच्या बाबतीत तू मालक नाहीस, पालक आहेस.”

त्यांनी समजावलेले मी पुढे स्वतः वाचून पाहिले. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने जाणूनबुजून असे दुर्लक्ष केले, की ज्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याचा संभव आहे, तर तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यातून आईबापांनाही सूट नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेतही बारा वर्षांखालील मुलासाठी पालकाने दिलेल्या संमतीला मान आहे, पण ती मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने दिलेली असावी लागते. अपघातात सापडलेल्या मुलाचा जीव जात असेल आणि पालकाला विचारण्याइतका वेळ नसेल, तर डॉक्टरने शस्त्रक्रिया करणे हा गुन्हा नव्हे, असे उदाहरण कायद्यानेच दिले आहे. आपल्या सहीचे मोल मुलाच्या हितापुरते असते, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून वाचकांना अनुभवाचे चार शब्द सांगते. डॉक्टरांना प्रश्न विचारणे, दुसरे मत घेणे, दोन उपचारांतून एक निवडणे हा आपला अधिकार आहे. तो जरूर वापरावा. मात्र नवे मत हाती येईपर्यंत चालू उपचार थांबवू नयेत. अडचण पैशांची असेल तर ती लपवू नये. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटावे. आणि एखाद्या घरात मूल उपचाराविना खितपत पडलेले दिसले, तर १०९८ हा क्रमांक लक्षात ठेवावा. तो फिरवणारा त्या घराचा वैरी नसतो. डॉक्टरबाईंना मी दोन दिवस वैरी समजले होते.

मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात जुनी फाइल चाळताना तो कागद तिच्या हाती लागला. माझी सही तिने ओळखली. “आई, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?” तिने विचारले. नाही, असे मी म्हणाले, आणि काहीही न वगळता सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग जेवणाची वेळ झाली, तशी उठून तिने आपले इन्सुलिन स्वतः टोचून घेतले आणि पानावर येऊन बसली.