पेवातलं पाणी

ट्रेलरच्या ब्रेकचा ड्रम हबवरून सुटता सुटत नव्हता. अण्णा कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके देत राहिला आणि तो एकदम हातात आला. आतून गाळ सांडला. काळा, बारीक, कृष्णेचा. गेल्या पावसाळ्यात घाटावर होडी उतरवताना ट्रेलरची चाकं पाण्यात गेली होती. तेव्हापासून हा गाळ आमच्यासोबत हिंडत होता: सांगलीहून कराड, सातारा, यवतेश्वरचा घाट, कासवरून खाली बामणोलीच्या शिवसागरापर्यंत, आणि परत.

मला सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवली. तोंड लहान, पोट मोठं. जमिनीत गाडलेली हळद त्यांत वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्याच पोटात पाणी शिरलं, आणि जो बंदोबस्त हळद राखत होता त्यानंच पाणी कोंडून धरलं.

ड्रमला मी दोष देणार नाही. फिरणारं चाक आतल्या शूला स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे थोड्या दाबात चांगला ब्रेक लागतो. धूळही आत फारशी जात नाही. पण होडीच्या ट्रेलरला पाण्यात उतरावंच लागतं. लायनर भिजतात, स्प्रिंगा गंजतात, व्हील सिलिंडर आखडतो. यवतेश्वर उतरताना होडी मागून जीपला ढकलू लागली, तो धक्का मला अजून पाठीत जाणवतो. डिस्क बसवायच्या, हे त्या उतारावरच ठरलं.

ट्रेलरच्या ब्रेकवर कुणाचा पाय नसतो. जीप थबकली की ट्रेलर रेटतो. त्या रेट्यानं कपलिंग आत सरतं आणि मास्टर सिलिंडर दाबला जातो. स्वतःच्याच वजनानं स्वतःला थांबवायचं! डिस्कला मात्र चाकाची ती मदत मिळत नाही, दाब जास्त लागतो. म्हणून मास्टर सिलिंडरही बदलला. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह होता, तो काढला. राहिला असता तर पॅड कधी सुटलेच नसते. रिव्हर्समध्येही कपलिंग दाबलं जातं आणि चाकं जखडतात, त्यासाठी रिव्हर्सच्या दिव्याला जोडलेला वेगळा व्हॉल्व्ह बसवला.

हवा काढायला अख्खी संध्याकाळ गेली. अण्णा टामीनं कपलिंग रेटायचा, मी निपलला पाना लावून बसलेला.

"दाबलंय. सोड."

"थांब, बुडबुडा आला."

"येऊ दे की. सगळी निघू दे."

पारदर्शक नळीतून तेल सरकायचं, मध्येच मोहरीएवढा बुडबुडा. शेवटचा गेला तेव्हा टामी अण्णाच्या हाताला दगडासारखी लागली. तो काही बोलला नाही, कपाळ पुसलं.

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर गल्लीनं वर्गणी काढून ही होडी घेतली. एरवी तिच्यावर पोरं वल्ही मारायला शिकतात. पण रात्री-अपरात्री ती ओढून न्यायची वेळ आली, तर ट्रेलरनं ऐकलं पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

परवा घाटावर चाकं बुडवून आणली, नळाच्या पाण्यानं धुतली. डिस्क उघड्याच, थेंब निथळून गेले. सकाळी त्यांच्यावर गंजाचा पातळ हळदी थर होता. अण्णानं जीप काढली, कोपऱ्यापर्यंत जाऊन दोनदा ब्रेक दाबला आणि परत आला. मी वाकून पाहिलं. डिस्क लख्ख होती.

"पुलाला पाणी किती?" त्यानं विचारलं.

"अठरा फूट."

त्यानं होडीचा दोर आवळला.