दोह्यातील शुक्रवारचा सामना

आम्ही पारोळ्याचे. लहानपणी किल्ल्याच्या खंदकाजवळच्या मोकळ्या जागेत कबड्डी खेळून गुडघे फोडून घेतले, पण फुटबॉल काही आमच्या वाट्याला आला नाही. तो मन लावून पाहिला थेट कतारची राजधानी दोहा येथे, आणि तोही कामगारांचा.

बी.कॉम. झालेल्या आम्हाला २०१३ साली तिकडच्या एका बांधकाम कंपनीत हजेरी-लिपिकाची नोकरी लागली. २०२२ च्या विश्वचषकाचे यजमानपद कतारला डिसेंबर २०१० मध्येच मिळाले होते. जिकडे पाहावे तिकडे क्रेन उभ्या! राबणारे हात मात्र नेपाळ, बांगलादेश, भारत आणि आफ्रिकेतले. त्यांचे तास लिहिणे हे आमचे काम. आमच्या रजिस्टरात नाव नसे, नुसता नंबर असे.

तिकडे सुट्टी शुक्रवारची. जानेवारी २०१५ मधल्या अशाच एका शुक्रवारी दोन कॅम्पांचा सामना पाहायला गेलो. मैदान वाळूचे, खडे वेचून काढलेले. गोलाचे खांब आमच्याच वेल्डरने पाइप जोडून उभे केलेले. जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आणायला थेट रस्त्यापर्यंत पळावे लागे. पंच म्हणून मेसमधला आचारी आणि शिट्टी फोरमनची!

आमचा गोलरक्षक चाळीसगावकडचा, परांची बांधणारा गडी. तिकडे जाईपर्यंत त्याने फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. पण कबड्डीत चढाईवाल्याचा घोटा धरायची सवय असल्याने चेंडूवरही तो तसाच झेप घेई. एक-एक बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला समोरच्या घानाच्या धिप्पाड खेळाडूला पेनल्टी मिळाली. सगळे गप्प. आमच्या गड्याने आडवी उडी घेऊन चेंडू छातीशी कवटाळला. मग काय विचारता! नेपाळी, बंगाली, मल्याळी सारेच "कबड्डी, कबड्डी" म्हणून ओरडू लागले.

सामना संपल्यावर एकाच कूलरवर, एकाच पेल्याने सगळे पाणी प्याले. आम्हाला पळवणकर बाळू आठवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा हा चांभार समाजातला गोलंदाज. पण त्याआधी पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. खेळ एकच, पण पेला वेगळा!

तेवढ्यात तो गोलरक्षकच पेला भरून आमच्याकडे आला. "पाणी ल्या भाऊ. तुम्ही पारोळाना शेतस ना?" परदेशात आपला माणूस भेटला की आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि आडनाव ऐकून काहींचा आवाज बदलतो, हे आम्ही दोह्यातही अनुभवले होते. या गड्याने स्वतःच आपले आडनाव सांगितले आणि हळूच म्हणाला, "जयभीम." पुढे हसत म्हणाला, "तुमना रजिस्टरमा मी नुसता नंबर शे." त्याने नंबर सांगितला आणि आमच्या घशात पाणी अडकले.

तो नंबर आम्हाला पाठ होता. आदल्या जुलैमध्ये हा माणूस सकाळी साडेदहाला चक्कर येऊन सावलीत बसला होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे उन्हाळ्यात उघड्यावरचे काम बंद होई ते साडेअकराला. म्हणून वरच्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्याचा अर्धा दिवस कापला होता, आमच्याच पेनने. तो त्याविषयी एक शब्दही बोलला नाही.

शनिवारी आम्ही त्याचा आणि तशाच कापलेल्या इतरांचा अर्ज लिहून वर दिला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, तरी आम्ही पाठपुरावा सोडला नाही. तीन महिन्यांनी पैसे मिळाले, तेही सर्वांना नाही. तेव्हापासून आम्ही नंबरापुढे नाव लिहू लागलो.

पुढे २०२१ मध्ये कतारने तो नियम बदलला. आता १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहापासून दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करून घेता येत नाही. म्हणजे आमचा गडी बसला तेव्हा बरोबरच बसला होता!

१८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना-फ्रान्सचा अंतिम सामना आम्ही पारोळ्यात घरी टीव्हीवर पाहिला. पेनल्टी सुरू झाल्या तेव्हा मुले अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाकडे पाहत होती. आम्हाला मात्र वाळूवर आडवा झालेला आमचा "कबड्डी" दिसत होता.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण आज कुठे ना कुठे रजिस्टर लिहितात. ते लिहिताना एवढेच ध्यानात ठेवावे की नंबराला चक्कर येत नाही, माणसाला येते.