आत्याची नाली

बालाघाट म्हटले की आपल्याकडे मराठवाड्यातला डोंगर आठवतो. मी सांगतो आहे ते बालाघाट मध्य प्रदेशातले, वैनगंगेकाठचे. गोंदियाहून रेल्वेने चाळीसेक किलोमीटरवर. गेल्या पावसाळ्यात तिथे आत्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. तिथे पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर मी सांगेन, आत्याच्या दारापुढची नाली!

हसू नका. आपण ज्याला गटार म्हणतो, त्याला तिकडे नाली म्हणतात. ही नाली मातीची, दोन हात रुंद. काठांवर वाळ्याचे ठोंब, तळाशी लव्हाळा, ओलसर जागी वेखंड. पाऊस कोसळला की रस्त्यावरचे गढूळ पाणी धावत येते आणि या गवतात शिरताच त्याची चाल मंदावते. गाळ ठोंबांच्या बुडाशी बसतो. थोडे पाणी मुरते, उरलेले सावकाश पुढे जाते. वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत. ती सरळ खाली, तीन मीटरपर्यंतही जातात आणि काठ धरून ठेवतात.

गल्लीत मात्र यावर एकमत नव्हते. बऱ्याच जणांना सिमेंटची नाली हवी होती. "गवत म्हणजे डास," असे त्यांचे म्हणणे. बालाघाट हा मलेरियाने पोळलेला जिल्हा. तेव्हा हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. आत्याचे उत्तर तयार होते. अंड्यातून डास उडायला आठवडाभर तरी लागतो; म्हणून पाणी दोन दिवसांत ओसरेल इतका उतार ठेवायचा, साचलेला गाळ काढायचा, आणि पाणकणीस रुजले की उपटायचे, कारण ते नाली बुजवून टाकते.

"सिमेंटची नाली पाणी झटकन नेईल रे," ती मला म्हणाली, "पण नेऊन टाकणार कुठे? खालच्या गल्लीतच ना?"

खालच्या गल्लीत मजुरी करणाऱ्यांची घरे आहेत. मोठ्या पावसात तिथे पाणी चुलीपर्यंत येते. खरा प्रश्न हा होता, डासांचा नंतरचा.

ही दृष्टी त्या मुलखाला नवी नाही. शेजारच्या भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथल्या ढिवर मंडळींनी मनीष राजनकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने काही तलावांतली बेशरमाची झुडपे उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांचेच होते.

आपल्या कन्नड मित्रांना तर वाळ्याची ओळख करून द्यायलाच नको. त्यांचा तो लावंच. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी भारतात वाळ्याचा प्रसार हाती घेतला. तेव्हा म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी तो आधीपासूनच बांधावर राखीत असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे विद्या आपलीच, विसरलोही आपणच!

बेळगावात दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी भातशेतीत पसरते आणि आपण नाल्याला दोष देतो. त्या नाल्यात आपल्याच गल्ल्यांचे पाणी असते, हे ध्यानात येत नाही. दारातले पाणी दुसऱ्याच्या दारात ढकलणे याला निचरा कसे म्हणावे? वाळ्याचा एक ठोंब फोडला तर त्यातून पुष्कळ रोपे निघतात. येत्या जूनमध्ये कॉलेजमागच्या गटाराकाठी ती लावून पाहायला काय हरकत आहे?