पुसट अक्षरे

प्रवासात वाटाड्या घ्यावा की घेऊ नये, या प्रश्नावर आमच्या घरात फार दिवसांपासून दोन पक्ष आहेत. माझे मत असे की, भाड्याने घेतलेला वाटाड्या आपणांस देश दाखवीत नाही, तर त्या देशाविषयीचे त्याचे पाठांतर ऐकवितो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, नव्या गावात पाणवठा कोठे आहे हे कोणाला तरी विचारावेच लागते, आणि विचारायचेच तर पैसे देऊन विचारावे, म्हणजे उपकार राहत नाहीत. मॉरिशस बेटावर आम्ही उभयता गेलो तेव्हा त्यांचाच पक्ष विजयी झाला. माझ्या डोळ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि परक्या मुलुखात स्वतः मोटार हाकण्याचे धाडस मजपाशी उरले नव्हते. एका दिवसाकरिता एक मोटार व तिजबरोबर तिचा चालक असा सौदा ठरला.

नोव्हेंबर संपत आला होता. आपल्याकडे मे महिन्यात फुलणारा गुलमोहर तेथे त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेटलेला होता, व उसाची तोडणी शेवटच्या टप्प्यास आली होती. मी आयुष्यभर महसूल खात्यात नोकरी केली. त्यामुळे कोणताही प्रदेश पाहिला की प्रथम त्याचे क्षेत्रफळ मनात येते. हे सारे बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरांचे. म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चवथाईहूनही कमी. एवढ्याशा भूमीला वाटाड्या कशाला, असे मी गाडीत बसता बसता पुटपुटलो. तोच पुढच्या आसनावरून उत्तर आले, "काका, जागा लहान आहे, पण रस्ते फार फिरतात."

उत्तर मराठीत होते! उच्चार थोडा फ्रेंच वळणाचा, शब्द शाळेच्या पुस्तकातून उचलल्यासारखे सुटे सुटे; पण निःसंशय मराठी. आमचा हा सारथी पंचेचाळिशीचा गृहस्थ होता. घरी क्रेओल, पाहुण्यांशी इंग्रजी किंवा फ्रेंच, चित्रपटांमुळे हिंदी, आणि शाळेत शिकलेली मराठी केवळ गणपतीच्या दिवसांत, अशी त्याच्या भाषांची वाटणी होती. तेथे गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले.

प्रथम आम्ही क्यूरपीप गावाच्या डोक्यावरील ज्वालामुखीचे विवर पाहिले. ज्वालामुखी निद्रिस्त आहे; त्याच्या खोल वाटीत झाडी माजली असून तळाशी पाण्याचे डबके आहे. विवराच्या नावाचा अर्थ 'हरणांचा खड्डा'. डच लोकांनी १६३९ साली जावा बेटावरून हरणे आणून येथे सोडली, एवढा भाग खरा. परंतु आमच्या सारथ्याने पुढे असेही सांगितले की, या खड्ड्यात टाकलेली वस्तू समुद्रात निघते. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या मान डोलावीत होत्या.

गंगा तलावावर हाच प्रकार. डोंगरमाथ्यावरील हे सरोवर अतिशय सुंदर आहे. काठावर देवळे, पायऱ्यांवर माकडे, आणि प्रवेशापाशी तेहतीस मीटर उंचीचा शंकर. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक खांद्यावर कावडी घेऊन पायी येतात. १९७२ साली हिंदुस्थानातून गंगेचे पाणी आणून यात ओतले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. हे सारे ऐकून मी हात जोडले. पण सरोवराच्या तळापासून थेट गंगेपर्यंत समुद्राखालून झरा वाहतो असे सारथी सांगू लागला, तेव्हा माझ्यातला जुना अव्वल कारकून जागा झाला. "याला काही आधार?" मी विचारले. तो हसून म्हणाला, "आधार नाही काका. आमची आजी सांगायची."

पुढे अरण्याच्या कडेने रस्ता जातो. दऱ्यांवर धुके होते. एका वळणावर विक्रेत्याने अननस सोलून, त्याला तिखटमीठ लावून हातात दिला. सौभाग्यवतींना त्या दिवशीच्या सर्व स्थळांत हे स्थळ सर्वांत अधिक आवडले. शामारेलची सप्तरंगी माती पाहताना मात्र मीही गप्प झालो. ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबूस, तपकिरी, जांभळट, निळसर अशा छटांच्या लाटा तेथे उघड्या पडल्या आहेत. त्यांवर गवताची काडीही नाही. या मातीचे रंग एकत्र कालवले तरी आपोआप पुन्हा वेगळे होतात, असे सांगून कुपीत भरलेली माती तेथे विकतात. मी कुपी घेतली नाही. एखादी गोष्ट नुसती खरी असून भागत नाही, तिला चमत्काराचे तिखटमीठ लावल्याशिवाय ती खपत नाही, अशा आशयाचे एक छोटेसे व्याख्यानही मी परतीच्या वाटेवर सौभाग्यवतींना दिले. ते सारथ्यालाही ऐकू गेले असावे.

कारण ल मॉर्नच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबविली तेव्हा त्याचा स्वर पालटला होता. समुद्रात शिरलेल्या भूशिरावर साडेपाचशे मीटर उंचीचा हा कातळ एकटा उभा आहे. मालकांकडून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आश्रय घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी या बेटावर गुलामगिरी संपली. ती वार्ता सांगावयास शिपाई वर चढू लागले, तेव्हा ते आपणांस धरावयास येत आहेत असे समजून त्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा आहे. "ही गोष्ट आम्ही सारे सांगतो," सारथी म्हणाला. "पण काका, याचा कागद कोणी पाहिलेला नाही. कागद असला की गोष्ट वेगळी. आमच्या घरी एक कागद आहे."

तेथून परतताना दोन्ही बाजूंच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या लांबच लांब राशी दिसत होत्या. कोठे ताल घातल्यासारख्या, कोठे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या. सबंध बेट ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेले. ते दगड हातांनी वेचून बाजूला रचावे तेव्हा उसाला जमीन मिळावयाची. आधी गुलामांनी वेचले. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर येऊ लागले, मग त्यांनी वेचले. आदल्याच दिवशी पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आम्ही पाहिल्या होत्या. सुमारे पाच लाख माणसे या योजनेखाली बेटावर उतरली. तो आकडा मी वहीत टिपूनही घेतला होता. आकडा टिपला की आपण काही तरी समजलो असे माझ्यासारख्याला वाटते.

"घर रस्त्यातच आहे," सारथी म्हणाला. "आईला फक्त पाच मिनिटे भेटा." ठरलेल्या कार्यक्रमात हे नव्हते. सौभाग्यवती आनंदाने हो म्हणाल्या.

घर कॅस्काव्हेलपाशी होते. अंगणात तुळस, दारात मोटारीचे जुने टायर, आत भिंतीवर गणपती. म्हातारी ऐंशीच्या घरातली. तिने व्हॅनिलाच्या सुवासाचा चहा व डाळीची तिखट भजी पुढे ठेवली. मराठी तिला येत नव्हती. आरती मात्र सबंध पाठ होती आणि अर्थ न समजता ती रोज म्हणत असे. चहा होताच तिने गणपतीच्या मागून एक पिशवी काढली. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जतन केल्या आहेत; त्यांतील एका पानाची ती प्रत. सारथ्याचा खापरपणजोबा १८५८ साली मुंबईहून आला, त्या वेळची नोंद. नाव, बापाचे नाव, वय बावीस, उंची, अंगावरील खूण. आडनाव नाही. त्याचे स्वतःचे नावच पुढे घराण्याचे आडनाव होऊन बसले होते. तेथे पुष्कळ घरांत असेच झाले आहे. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी. परगण्याचा रकाना कोरा. गावाच्या रकान्यात रोमन लिपीत 'कोल' एवढे स्वच्छ वाचता येत होते, आणि पुढे शाईचा डाग.

"काका त्या जिल्ह्यात सरकारी साहेब होते," सारथ्याने आईला त्यांच्या भाषेत सांगितले असावे. कारण म्हातारी एकदम सावरून बसली.

हे मीच सकाळी त्याला सांगितले होते. नऊ वर्षे मी त्या जिल्ह्यात होतो, हेही खरे. पण ती सारी दापोली आणि मंडणगडात गेली. 'कोल' म्हणजे दापोलीतले कोळथरे असू शकेल, चिपळूणचे कोळकेवाडी असू शकेल, कोळीसरे असू शकेल. कोळंबे नावाचे गाव तर एकाहून अधिक ठिकाणी आहे. शिवाय त्या काळी रत्नागिरी जिल्हा थेट मालवणच्या खाली पसरलेला होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली; म्हणजे मालवणजवळचे कोळंबही धरावे लागेल. हे सर्व मजला त्या क्षणी ठाऊक होते. माझ्या डोळ्यांचे निमित्त मी सांगणार नाही. डाग कागदावर होता. एरवी नोकरीत असा दाखला पुढे आला असता तर 'गावाचा बोध होत नाही' असा शेरा मारून मी तो परत धाडला असता.

म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "हे कोळंबे."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. तिने विचारले, गाव कसे आहे? मी सांगितले. रत्नागिरीहून गाडीने जावे लागते. गावात शिरताना पऱ्या लागतो, त्याच्यावर साकव आहे. पलीकडे ग्रामदेवतेचे कौलारू देऊळ, त्याला लाकडी खांब. मागे काजूची झाडे आणि जांभ्या दगडाचे गडगे. शिमग्याला पालखी निघते. सारथी प्रत्येक वाक्य तिला समजावून देत होता, आणि सोबत एका वहीत लिहूनही घेत होता. "आमचे कोणी तेथे असेल काय?" तिने विचारविले. मी म्हणालो, "असतीलच." म्हातारीने कागद कपाळाला लावला. सौभाग्यवती चहाच्या पेल्याकडे पाहत होत्या.

उतारगृहावर आलो तो अंधार पडला होता. सारथ्याने ठरलेल्या रकमेतले निम्मे पैसे परत करण्याचा हट्ट धरला. ते मी घेतले नाहीत, एवढाच त्या दिवसाचा माझा प्रामाणिकपणा. खोलीत आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कोळंब्याला आपण कधी गेलो होतो?"

"मी म्हटले नाही की मी गेलो होतो."

"तुम्ही साकवही सांगितलात."

मी म्हणालो की, कोकणातल्या प्रत्येक गावात साकव असतो. मी खोटे असे काहीच सांगितलेले नाही. त्यांनी दिवा मालवला. अंधारात मला तळ्याखालचा झरा आणि त्या सप्तरंगी मातीच्या कुप्या आठवत राहिल्या. निदान त्या सारथ्याने 'आधार नाही' असे हसून कबूल केले होते. सकाळी विमानतळावर जाण्यापूर्वी त्याला सारे सांगून टाकावे, असे मी ठरविले. सकाळी त्याने आईने पाठविलेला केळ्यांच्या वड्यांचा डबा आणून दिला. आई रात्रभर झोपली नाही, शेजारपाजारी सर्वांना गावाचे नाव सांगत होती, असे तो म्हणाला. मी डबा घेतला.

या गोष्टीस आता दोन महिने होत आले. गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. त्याने ते मराठीत, मोठ्या कष्टाने, शाळकरी अक्षरात लिहिले आहे. आईचा पासपोर्ट तयार झाला. शिमग्याच्या सुमारास दोघे येणार. "रत्नागिरी स्टेशनपासून गाडी तुम्ही ठरवा, काका. त्या दिवशी पुढच्या सीटवर तुम्ही बसा."

ते पत्र मेजावर आहे. त्याच्याशेजारी जिल्ह्याचा नकाशा पसरलेला असून 'को' पासून सुरू होणाऱ्या गावांखाली मी पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. उत्तराचा मसुदा दोनदा केला व दोनदा फाडला. पहिल्यात सर्व कबूल केले होते. दुसऱ्यात गाडीच्या वेळा होत्या. सौभाग्यवतींनी दोन्ही वाचले आणि कोणताच पाठवा असे म्हटले नाही.

काल रत्नागिरीतील एका जुन्या सहकाऱ्याला मी दूरध्वनी केला. कोळंब्याला शिरताना वाटेत पऱ्यावर साकव लागतो काय, एवढेच विचारले. तो हसला व म्हणाला, "कुठल्या गावाला लागत नाही, रावसाहेब? पण तुम्हांला कोणते कोळंबे हवे आहे?"