वर्गणी

दिवाळी आटोपली की चोपड्याच्या बाजारात भरताची वांगी येऊ लागतात. फिकट हिरवी, अंगावर पांढरट रेघा, हातात घेतलं की वजन कळावं अशी. बाहेरगावच्या पाहुण्याला हे वांगं आहे हेच आधी पटत नाही. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण बामणोद-भालोदकडच्या वांग्याचं नाव आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून घेत आलो आहोत. बी कमी, गर गोड, आणि नीट भाजलं की साल आपणहून सुटते. थंडीचा कडाका पडला की गल्लीत, कचेरीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच विचारणा सुरू होते, पार्टी कधी? हिवाळ्यात आमच्याकडे नुसतं ‘पार्टी’ म्हटलं तरी ती भरिताचीच असते.

अशाच दिवसांत, दोन वर्षांपूर्वी, माझ्या मावसबहिणीचा इंग्लंडहून फोन आला. ताई बहात्तर वर्षांची. भावजी गेल्यावर तिचे फोन लांबत गेले होते. हवापाणी विचारून झालं की दोघंही गप्प व्हायचो आणि फोन ठेवावासाही वाटायचा नाही. त्या दिवशी मात्र तिचा आवाज वेगळा होता. म्हणाली, “अरे, दर महिन्याला आमचा वाइनचा गट जमतो. या वेळी बाटली आणायची पाळी माझी होती.”

मला काय बोलावं सुचेना. चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या घरातली ही मुलगी. मग तिनेच सगळं सांगितलं. म्हाताऱ्या माणसांनी शिकत राहायचं, अशी एक चळवळ फ्रान्समधल्या तुलूझ शहरात १९७३ साली सुरू झाली. तिला तिसऱ्या वयाचं विद्यापीठ म्हणतात. ब्रिटनमध्ये ती १९८२ च्या सुमारास पोचली. तिथे म्हातारी माणसंच एकमेकांना शिकवतात. परीक्षा नाही, पदवी नाही. कोणी इतिहास सांगतं, कोणी बागकाम, कोणी चालायला नेतं, आणि काही गावांत वाइन चाखण्याचेही गट आहेत. ताईच्या गटात आठ जण. प्रत्येकाने आळीपाळीने बाटली आणायची, तिच्यावर कागद गुंडाळायचा, थोडी थोडी ओतायची आणि ती कुठली ते ओळखायचं. ताई स्वतः दोन घोटांपुढे जात नाही. पण तिने त्या दिवशी नाशिकची वाइन नेली होती. कोणाला ओळखता आली नाही. कागद काढल्यावर सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग गोदावरी, नाशिकची टेबलावर खायची द्राक्षं, नव्वदच्या दशकात तिथे वाइनसाठी नव्याने लागलेल्या वेली, हे सगळं ती अर्धा तास सांगत बसली. “इतक्या दिवसांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं रे,” ती म्हणाली.

वाइन तब्येतीला चांगली असते, असं कोणी सांगत आलं तर आपल्या वयाच्या माणसांनी ऐकू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सांगून टाकलं आहे. त्यात झोपेच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरही नको. पण त्याच संघटनेने त्याच वर्षी नोव्हेंबरात माणसांचं एकटं पडणं हा आरोग्याचा मोठा प्रश्न मानून त्यासाठी एक आयोग नेमला. ताईला बरं वाटलं ते पेल्यातल्या वाइनने नाही. महिन्यातला एक दिवस तिची वाट बघणारा होता, आणि त्या दिवशी ती गेली नसती तर सात माणसांचं अडलं असतं.

फोन ठेवला आणि मला आप्पांची आठवण झाली.

आप्पा माझे चुलते. वय ऐंशी. जन्मभर कपाशी केली. मुलगा सुरतेला कापडबाजारात, नातवंडं तिकडचीच झालेली. त्या वर्षी भाद्रपदात काकू गेल्या आणि आप्पांच्या दाराला दुपारीही आतून कडी लागायला लागली. आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी दर हिवाळ्यात अकुलखेड्याकडच्या एका शेतात भरीत करतो. त्यांना बरं वाटावं म्हणून आप्पांनाही नेलं. मोटारसायकलवर मधे बसवून नेलं, खुर्ची दिली, अंगावर शाल घातली. “आप्पा, तुम्ही काही करू नका, नुसतं बसा,” हे मीच म्हणालो. तो शब्द अजून मला टोचतो. आप्पा बसले. विस्तवाकडे बघत राहिले. ताट हातात दिलं तेव्हा दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाले, “मला घरी सोड.”

ताईच्या फोननंतर मी पुढच्या भरिताच्या वर्गणीची वही घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

“आप्पा, वर्गणी.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “कितला?”

“दीडशे.”

ते उठले. खुंटीवरच्या बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, अंगठा ओला करून दोनदा मोजल्या आणि वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, “मंग पऱ्हाट्या कोन आनी?”

पऱ्हाट्या आणणारा कोणी ठरलेला नव्हता. ते आप्पा ठरले.

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वेचणी झाल्यावर उरलेलं वाळलेलं झाड. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने आता कृषी खातं डिसेंबरअखेर कपाशी उपटून टाकायला सांगतं, त्यामुळे भरिताच्या दिवसांत बांधावर तिचे ढीग असतात. भरताची वांगी गॅसवर भाजली तर ती शिजतात, भरीत होत नाही. कोळशाचा विस्तवही आम्हाला चालत नाही. पऱ्हाटीचा जाळ पटकन उठतो आणि पटकन बसतो, म्हणून कोणीतरी तिथे सतत बसून काड्या सारत राहावं लागतं. पार्टीच्या दिवशी आप्पा उकिडवे बसले. एकेक काडी कानाजवळ नेऊन मोडायची. कडकन वाजली तर जाळात, नाही वाजली तर बाजूला. वांग्यांना सुरीने टोचे देण्याचं काम आमच्यातल्या मास्तरांकडे होतं, नाहीतर वांगं जाळात फुटतं. दोन वांग्यांना टोचे राहून गेले होते. आप्पांनी ती देठाला धरून परत केली, तोंडाने काही न बोलता. मास्तर सत्तरीचे, चाळीस वर्षं पोरांना वह्या परत करत आलेले. ते मुकाट्याने सुरी घेऊन बसले.

वांगी काळी पडली, टोच्यांतून रस झिरपून विस्तवावर चरचर वाजायला लागला. मग परातीभोवती तिघं-चौघं बसलो. शेजारी पाण्याचा तांब्या. बोटं बुडवायची, साल ओढायची, पुन्हा बोटं बुडवायची. आप्पांचा हात कापतो. पण गरम वांग्याची साल सोलताना तो कापत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सोललेला गर बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, घालून मुसळीने ठेचला. कढईत तेल, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. घरून आलेल्या कळण्याच्या पुऱ्या. उत्तरेला सातपुड्याची रेघ निळी होत गेली, आणि आप्पा बहात्तरच्या दुष्काळाचं बोलू लागले. त्या वर्षी बैल कुठे नेले, कोणी कडबा दिला, कोणी दिला नाही. काकू गेल्यापासून इतकं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. जेवताना तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं.

आता आमच्या वहीत बारा नावं आहेत. त्यातलं एक अमळनेरचं. ते गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला, त्यामुळे ते तापी ओलांडून येतात. पार्टीला आले की खिशातलं शून्य रुपयाचं तिकीट आधी काढून दाखवतात. फुकट आलो, पण वर्गणी देतो, हे त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं असतं. कोणी त्यांना घाईने “राहू द्या” म्हणत नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र आम्ही फार उशीर केला. शेतात भरीत करणारे पुरुष, आणि ज्वारी-उडदाचं कळण दळून आणून पुऱ्या लाटून देणाऱ्या बायका घरी, असंच वर्षानुवर्षं चालत आलं. त्यांचंही एक मंडळ होतं खरं. चैत्र-वैशाखात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालायला गल्ली जमायची आणि घाट्याची चमच्यावरची धार बघून तो झाला की नाही, हे सांगायचा मान गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या जिजीचा असायचा. पाकिटातले पापड आले तशा गच्च्या ओस पडल्या आणि जिजीला कोणी बोलवेनासं झालं. माणूस घरातच असतं, ताटही वेळेवर समोर येतं. पण ‘झालं का बघा’ म्हणून विचारणारं कोणी उरत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायकांनी मंदिराच्या आवारात स्वतःची पार्टी केली. आम्ही फक्त पऱ्हाट्या पोचवल्या. बायकांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटात एसटीने दोघींच्या बहिणी आल्या. भरिताला मीठ किती, हे जिजीने ठरवलं. पुऱ्या त्यांनी आम्हाला पाठवल्या नाहीत, आणि ते योग्यच झालं.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, पऱ्हाटी कशी वाजते? मी बांधावरून एक काडी आणून फोनजवळ मोडली.

यंदा तुमच्या गल्लीत भरिताचं ठरेल. वही काढाल, नावं लिहाल. तेव्हा ज्या दाराला दुपारी चार वाजताही आतून कडी असते, तिथे जा आणि त्या आजोबांना, त्या आजीला वर्गणी मागा. “तुमच्याकडून कसली घ्यायची,” असं म्हणू नका. पैसे घ्या, वहीत त्यांच्याच हाताने नाव लिहून घ्या, आणि काय आणायचं ते सांगून या.