मोगॅम्बोचा कोट

संपादकांनी फोनवर बजावलं, "वेशभूषेवर लिहा, पण शिवणकामाचा तास घेऊ नका." प्रयत्न करतो. लातुरात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. नांदेडच्या विद्यापीठाचा युवक महोत्सव असो की एखाद्या तांड्यावरच्या शाळेचं गॅदरिंग, कपडे आमच्याकडून जातात. मावळे, झाशीची राणी आणि मोगॅम्बो या तीन पेट्या हिवाळाभर दुकानात टेकतच नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या काही कॉलेजकुमारांनी प्रहसनात मोगॅम्बोला टँकरमालक केलं. आमच्या भागात याहून चांगला खलनायक कुठून आणणार! पण पोरं म्हणाली, "काका, कोट हलका द्या, नाचायचंय." दिला साटनचा. प्रयोग बघायला गेलो. लोक पोट धरून हसले, बक्षीसही मिळालं. मला मात्र ते अजून खुपतंय, कारण त्या टँकरवाल्याची कुणाला भीतीच वाटली नाही.

मोगॅम्बो ज्या सिनेमाचा खलनायक, तो 'मिस्टर इंडिया' 25 मे 1987 रोजी लागला. सलीम-जावेद यांची पटकथा, शेखर कपूर यांचं दिग्दर्शन. मोगॅम्बोसाठी आधी अनुपम खेर ठरले होते, नंतर अमरीश पुरी आले. पुरींचं काम पाहिल्यावर निर्मात्यांनी योग्यच केलं असं वाटलं, हे खेरांनीच मोकळेपणानं सांगितलंय. याच लेखकजोडीनं 1980 च्या 'शान'मध्ये टकल्या शाकाल दिला होता. पुरींनी तर 1984 च्या 'टेंपल ऑफ डूम'साठी डोकं तासलं आणि ते तसंच ठेवलं. 'मिस्टर इंडिया'त त्या तुळतुळीत डोक्यावर सोनेरी विग चढला. आमच्या धंद्यात असं डोकं म्हणजे नशीब. दाट केसांवर विग नेहमी उचललेला दिसतो.

आणि तो कोट! तो शिवला माधव आगस्ती यांनी. मूळ नागपूरचे, मुंबईत नाव काढलेले टेलर. मोगॅम्बोचं ते तीन शब्दांचं वाक्य शेंबड्या पोरालाही पाठ आहे, शिंप्याचं नाव विचारा, सगळे गप्प. 2020 मध्ये या सिनेमाच्या नव्या त्रयीची घोषणा झाली. आपल्याला विचारलंसुद्धा नाही म्हणून शेखर कपूर चिडले. त्यावर जावेद अख्तरांनी सुनावलं, की कथा, पात्रं, संवाद, अगदी शीर्षकही माझंच. दोघंही मोठी माणसं. पण मोगॅम्बो कुणाचा या भांडणात कात्रीवाल्याला कुणी पंचायतीलाही बोलावलं नाही.

आता थोडं शिवणकाम येणारच. कॉलरीत कडक बकरम घातलं की मान एकटी वळत नाही, छातीसकट अख्खा माणूस वळतो. मुंढा खाली उतरवला की हात वर नेताना सगळा कोट वर चढतो, म्हणून घालणारा आपोआप हात खाली ठेवतो. त्यावर जरीचं वजन. अशा कपड्यात माणसाकडे हलवायला उरतात डोळे आणि बोटं. पुरी सिंहासनाच्या गोलावर बोटं वाजवतात ते आठवा. दरारा तिथे आहे, आरडाओरड्यात नाही. (लाल प्रकाशात अदृश्य माणूस दिसतो ही सिनेमातली युक्ती पोरं स्टेजवर हटकून करतात. लाल जिलेटीनखाली निळं मखमल काळं पडतं आणि सोनेरी जर पांढुरकी होते, हे त्यांना दरवर्षी सांगतो. ऐकतं कोण?)

साटनच्या कोटात हात मोकळे, मान मोकळी. मग पोरगं हातवारे करतं, नाचतं, आणि मोगॅम्बोचा विदूषक होतो. पालकांना तेच हवं असतं म्हणे, पहिल्या रांगेतली बारकी पोरं रडायला नकोत. अहो, थोडी रडू द्या की! मोगॅम्बो आपल्याच माणसांना उकळत्या ॲसिडात उड्या मारायला लावतो, त्याला बघून हसायचं कशाला?

जाड कोटाचं भाडं जास्त आहे आणि तो गरमही होतो, हे कबूल. तरी यंदा तोच न्या. गॅदरिंगच्या आदल्या रात्री "मोगॅम्बो आहे का?" म्हणून फोन करू नका. पोराला घेऊन आठवडाभर आधी या, खांद्याचं माप मी स्वतः घेईन.