सरड्याची धाव

पनवेलजवळ पाताळगंगेच्या काठी आपटा नावाचे गाव आहे. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथेही घरापुढे अंगण, अंगणाभोवती कुंपण आणि कुंपणावर सकाळच्या कोवळ्या उन्हात बसलेला एखादा सरडा हे दृश्य नेहमीचेच. माणसाची चाहूल लागताच तो मान वर-खाली हलवू लागतो. पाहणाऱ्या मुलाला वाटते, हा आपल्याला वेडावून दाखवीत आहे. आणि त्याचा हात नकळत खालच्या दगडाकडे जातो.

वास्तविक सरडा कोणालाही वेडावीत नाही. सरडा, पाल, साप, कासव हे सारे सरपटणारे प्राणी. आपल्या अंगी जशी शरीराची ऊब निर्माण करून ती टिकवून धरण्याची शक्ती असते, तशी ती त्यांच्या अंगी नसते. म्हणून रात्रीच्या गारठ्याने आखडलेले अंग तापविण्यासाठी सरडा सकाळी उन्हात येऊन बसतो. मान हलविणे ही त्याची भाषा होय. 'ही जागा माझी आहे,' असे तो दुसऱ्या नराला त्या खुणेने बजावीत असतो. विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो. तो पाहून 'सरडा रक्त पितो' असा समज कोणीतरी पसरविला; परंतु त्याचे अन्न म्हणजे मुख्यतः किडे, मुंग्या आणि टोळ. माणसाला त्याच्यापासून काहीही अपाय होत नाही.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' अशी म्हण आपल्याकडे आहे. परंतु कुंपणावरच्या या सरड्याच्या एका आप्ताने ही म्हण खोटी ठरविली आहे. त्याची हकीकत ऐकण्यासाठी घाट चढून सातारा जिल्ह्यात जावे लागते.

साताऱ्याजवळ ठोसेघरच्या धबधब्यापलीकडे चाळकेवाडीचे विस्तीर्ण पठार आहे. उन्हाळ्यात तेथील दगडादगडावर एक लहानसा सरडा चढून बसतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. त्या पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग झळकतात. माद्यांनी पाहावे आणि इतर नरांनी दूर राहावे, यासाठी हा सारा थाट असतो. असे पंखाधारी सरडे भारतात अनेक ठिकाणी आढळतात. पूर्वी त्यांतील बहुतेकांना एकाच जातीचे मानीत असत. पुढे दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या प्रदेशांतील सरडे बारकाईने तपासले. तेव्हा त्यांत पाच नव्या जाती सापडल्या, आणि काहींसाठी नवे कुळनामच योजावे लागले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ते नाव ठेवले 'सरडा'! चाळकेवाडीचा सरडा 'सरडा सुपर्बा' झाला. आपल्या आजीच्या तोंडचा साधा मराठी शब्द अशा रीतीने जगभरच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसला.

याच पठारावर पुष्कळ वर्षांपासून वीज निर्माण करणाऱ्या उंच पवनचक्क्या फिरत आहेत. त्यांचा तेथील जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी हाती घेतला. पठाराचा पवनचक्क्यांचा भाग आणि त्या नसलेला भाग यांची त्यांनी तुलना केली. पक्षी मोजले, सरडे मोजले, माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो ते पाहिले, त्यांचे रक्त तपासले आणि गळ्याचे रंगही मोजले.

2018 साली जाहीर झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. पक्षी कमी झाल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. त्यांच्या रक्तातील भीतीची खूण असलेले द्रव्य कमी झाले आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते हलेनासे झाले. शत्रू गेला, म्हणजे सरड्यांचे भाग्यच उघडले, असे कोणालाही वाटेल. परंतु खाणारी तोंडे वाढली आणि अन्न मात्र तेवढेच राहिले. तेथील सरडे अंगाने रोडावलेले होते आणि त्यांच्या गळ्यावरचे निळे व नारिंगी रंगही फिके पडलेले होते.

पवनचक्क्या धूर न करता वीज देतात. त्या आपल्याला हव्याच आहेत. परंतु त्या कोठे उभाराव्यात, हे ठरविताना जमिनीवरील इवल्याशा जीवाचाही विचार करावयास हवा. आकाशातील घार आणि दगडावरचा सरडा एकाच धाग्याने बांधलेले आहेत. वरचा धागा ओढला, की खालच्या जीवाचा रंगही उडतो. ही गोष्ट कोणाला कळली? उन्हातान्हात उभे राहून ज्यांनी एका क्षुद्र सरड्याकडे धीराने पाहिले, त्यांना.

आपट्याच्या कुंपणावरचा सरडा उद्या सकाळीही उन्हात येऊन बसेल आणि मान हलवील. तेव्हा उचललेला दगड खाली ठेवून जो मुलगा घटकाभर त्याच्याकडे नुसता पाहत राहील, त्याच्या शिक्षणाला तेथूनच खरा आरंभ होईल.